फोन टिकावा की कव्हर?

मोबाइल फोनच्या संरक्षक आवरणाचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या कव्हरचा, गंभीरपणे विचार करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. फोन घेताना कॅमेरा, बॅटरी आणि साठवणक्षमता यांची आठवडाभर तुलना करणारा ग्राहक दुकानदाराने काउंटरवर पसरलेल्या नमुन्यांतून रंग आवडेल ते कव्हर दोन मिनिटांत उचलतो. ही बेफिकिरी आजच्या फोनांच्या रचनेला परवडणारी नाही. मधल्या काही वर्षांत धातूच्या पाठीचे फोन पुष्कळ निघाले होते, परंतु वायरलेस चार्जिंग, म्हणजे तारेशिवाय चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने होणारे चार्जिंग, धातूच्या पत्र्यातून होत नसल्यामुळे सॅमसंगने २०१५ च्या गॅलॅक्सी एस६ पासून आणि ॲपलने २०१७ च्या आयफोन ८ पासून काचेची पाठ स्वीकारली, आणि पुढे महागड्या फोनांमध्ये तीच रूढ झाली. दोन्ही बाजूंनी काच असलेली वस्तू दिवसभर हातात, खिशात आणि दुचाकीच्या हँडलवर बाळगायची, तर आवरण आलेच. निर्मात्यांनाही हे ठाऊक आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक अँड्रॉइड फोनांच्या खोक्यातच एक पारदर्शक कव्हर ठेवलेले असते. २०१० च्या आयफोन ४ ची धातूची कड हीच त्याची अँटेना होती आणि ती विशिष्ट जागी हाताने झाकली गेली की सिग्नल मंदावत असे; त्या तक्रारीवर ॲपलने जुलै २०१० मध्ये कडेभोवती बसणारे ‘बंपर’ नावाचे आवरण ग्राहकांना मोफत देऊ केले होते, म्हणजे फोनच्या रचनेतील उणीव झाकण्याचे कामही कव्हरने केलेले आहे.

पुढील संवाद रचलेला असून त्यातली पात्रे ही व्यक्ती नसून भूमिका आहेत. एक बाजू पदार्थ अभियांत्रिकी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची आहे. पदार्थ अभियांत्रिकी म्हणजे धातू, काच, प्लॅस्टिक यांसारखे पदार्थ ताण, उष्णता आणि काळ यांना कसे तोंड देतात याचा अभ्यास. दुसरी बाजू पुण्यातील तापकीर गल्लीच्या परिसरात फोन दुरुस्त करणाऱ्या कारागिराची आहे. रोज फुटलेले फोन हाताळणारा माणूस जाड कव्हरचा कैवारी असेल आणि अभ्यासक मात्र सुबक, पातळ कव्हरकडे झुकेल अशी साधारण अपेक्षा असते. इथे नेमके उलट आहे.

प्राध्यापिका : “दादा, कव्हरचे काम एका वाक्यात सांगता येते. पडणाऱ्या फोनला थांबायला थोडे अंतर मिळवून देणे, एवढेच ते काम आहे. दोनशे ग्रॅमचा फोन एक मीटर उंचीवरून सुटला, तर जमिनीशी पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. तो वेग अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरात शून्यावर आणायचा असेल, तर फोनवर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी दोन हजार पट मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, लादले जाते. तेच अंतर दोन मिलिमीटर झाले, तर मंदन पाचशे पटींवर येते. बलाच्या भाषेत सांगायचे तर चारशे किलो वजनाचा दाब शंभर किलोंवर उतरतो. काच फुटणे आणि न फुटणे यांच्यामधली सीमा याच फरकात असते, म्हणून जे कव्हर जास्त जाड, ते जास्त भरवशाचे, असा साधा निष्कर्ष निघतो.”

कारागीर : “मॅडम, तुमचा हिशेब खोटा म्हणता येणार नाही, पण त्यात कव्हर पूर्ण दबते असे धरलेले आहे. दोन मिलिमीटर जाडीचे कडक प्लॅस्टिक पडताना दोन मिलिमीटर दबत नाही, ते केसभर दबते आणि बाकीचा धक्का सरळ आत पाठवते. बाजारात ‘आर्मर’ म्हणून जी काळी, खाचा-खोबणींची कव्हरे मिळतात, त्यांतल्या पुष्कळांची जाडी दिसायला भक्कम असते, पण कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला तर हलत नाही. शिवाय त्यांचे स्वतःचे वजन सत्तर-ऐंशी ग्रॅमपर्यंत जाते. दोनशे ग्रॅमच्या फोनला ऐंशी ग्रॅमचे चिलखत घातले, म्हणजे पडताना जमिनीवर येणारी ऊर्जा चाळीस टक्क्यांनी वाढली. ती पचवायची कोणी?”

प्राध्यापिकेने हा मुद्दा मान्य करून आपले विधान दुरुस्त केले: जाडीऐवजी ‘दबण्याची क्षमता’ हा निकष धरावा, आणि ती क्षमता सगळ्यात जास्त लागते ती कोपऱ्यांवर, कारण फोन कोपऱ्यावर पडतो तेव्हा संपूर्ण आघात काही चौरस मिलिमीटर जागेवर एकवटतो आणि तिथूनच काचेच्या कडेतील सूक्ष्म चिरा पसरू लागतात. चांगल्या कव्हरच्या चारही कोपऱ्यांत आतून पोकळ कप्पे किंवा उंचवटे ठेवलेले असतात ते याचसाठी. ते कप्पे चेपतात आणि थांबण्याचे अंतर वाढवतात. ब्रिटनमध्ये रिचर्ड पामर यांनी विकसित केलेल्या डी३ओ या पदार्थाचाही कव्हरच्या कोपऱ्यांत वापर झालेला आहे. हा पदार्थ हळू दाबला तर मऊ वागतो आणि अचानक आघात झाला तर क्षणात कडक होऊन ऊर्जा शोषतो.

त्यानंतर वाद पुराव्याच्या प्रश्नावर आला.

कारागीर : “दुकानात येणाऱ्या फुटलेल्या फोनांपैकी कितीतरी फोनांवर कव्हर असतेच. फोन तोंडावर पडतो, तोही फरशीवर नव्हे, तर खडीवर, फुटपाथच्या उखडलेल्या ब्लॉकवर किंवा पायरीच्या कडेवर. कव्हरची कड पडद्यापेक्षा मिलिमीटरभर उंच ठेवलेली असते खरी, पण ती सपाट जमिनीवर उपयोगी. खडीचा एक टोकदार दगड त्या कडांच्या मधोमध काचेला भिडला, की दोन हजारांचे कव्हर आणि शंभरांचे कव्हर सारखेच. गिऱ्हाईक मग कव्हर दाखवून विचारते की एवढे महाग घेऊनही फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, बदलायची वेळ का आली.”

प्राध्यापिका : “तुमच्या निरीक्षणात खोट नाही, पण त्यावरून निघणारा निष्कर्ष तपासायला हवा. कव्हरमुळे वाचलेला फोन तुमच्या दुकानात येतच नाही, दादा. दहा वेळा पडून शाबूत राहिलेल्या फोनचा मालक कारागिराला भेटायला कशाला येईल? तुमच्यासमोर येतात ती केवळ अपयशाची उदाहरणे, आणि अपयशांच्या ढिगातून यशाचे प्रमाण काढता येत नाही. संख्याशास्त्रात याला निवडीतून येणारा कल म्हणतात. नमुना कुठून आला यावरच उत्तर आधी ठरून गेलेले असते.”

हा आक्षेप भक्कम आहे, आणि ज्या कोणत्याही व्यवसायात बिघडलेल्याच वस्तू समोर येतात त्या व्यवसायातील अनुभवाला तो लागू पडतो. मात्र त्याच मापाने निर्मात्यांचे दावेही मोजावे लागतात, आणि तिथे चित्र फारसे बरे नाही. कव्हरच्या खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ असे जे ठळक छापलेले असते त्याचा आधार मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण विभागाचे मानक असते. लष्करी सामग्रीने उष्णता, धूळ, कंप, आघात इत्यादींना कसे तोंड द्यावे हे तपासण्याच्या पद्धती त्यात दिलेल्या आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९६२ ची आणि एच ही आवृत्ती २०१९ ची आहे. कव्हरवाल्यांनी बहुधा आधार घेतला तो २००८ च्या जी आवृत्तीतील पडण्याच्या चाचणीचा, जिच्यात वस्तू १२२ सेंटिमीटर उंचीवरून सव्वीस वेळा सोडली जाते: सहा बाजूंवर, बारा कडांवर आणि आठ कोपऱ्यांवर प्रत्येकी एकदा. ऐकताना ही चाचणी कठोर वाटते. प्रत्यक्षात खालचा पृष्ठभाग काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंच प्लायवूडचा असतो, आणि हे सव्वीस आघात एकाच नमुन्याने सोसावेत असे बंधन नसून ते पाच नमुन्यांपर्यंत वाटून घेण्याची मुभा मानकातच आहे. शिवाय हे मानक पाळल्याचे प्रमाणपत्र देणारी सरकारी यंत्रणा नाही. चाचणी निर्माता स्वतः करतो किंवा करवून घेतो, तिच्यातील कोणता भाग केला हे तोच ठरवतो आणि शिक्काही तोच छापतो. तेव्हा प्लायवूडवर पडलेल्या फोनाविषयीचा दावा खडीवर पडणाऱ्या फोनाला लावणे ही ग्राहकाची दिशाभूलच म्हटली पाहिजे, आणि या एका बाबतीत कारागिराची खडी प्रयोगशाळेतील प्लायवूडपेक्षा सत्याच्या जास्त जवळ आहे.

प्राध्यापिका : “मग काचेचेच ऐकू. कॉर्निंग कंपनीची गोरिला ग्लास वितळलेल्या पोटॅशियम क्षाराच्या सुमारे चारशे अंश सेल्सिअसच्या कुंडात बुडवलेली असते. काचेच्या पृष्ठभागातील लहान सोडियम आयन बाहेर पडून त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन घुसतात आणि पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो, त्यामुळे चीर सहज उघडत नाही. २०२० च्या व्हिक्टस या काचेविषयी तर कंपनीने प्रयोगशाळेत कठीण, खडबडीत पृष्ठभागावर दोन मीटरवरून पडूनही ती तगल्याचे सांगितले आहे. काच इतकी सुधारली असेल तर तुम्ही म्हणता ती भीती उरतेच किती?”

कारागीर : “काच सुधारली, पण ती मोठीही झाली, मॅडम, आणि कडेपर्यंत आली. शिवाय ती नवी असते तेव्हाच तशी असते. खिशात किल्ल्या, नाणी, वाळूचा कण. महिन्या-दोन महिन्यांत काचेवर बारीक ओरखडे येतात आणि मग तीच काच आधीपेक्षा कमी उंचीवरून जाते.”

इथे दोघांचे एकमत झाले, कारण चीर जिथे आधीच सुरू झालेली आहे तिथे ताण एकवटतो हे पदार्थशास्त्राचे मूलतत्त्व आहे. वाळूच्या कणाचा मुद्दा कव्हरलाही लागू पडतो. वाळूत सापडणाऱ्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्स मापनावर, म्हणजे एका खनिजाने दुसऱ्यावर ओरखडा उठतो की नाही यावरून लावलेल्या क्रमवारीत, सात आहे आणि काचेचा साधारण साडेपाच ते सहा; कव्हर आणि फोनची पाठ यांच्यामध्ये अडकलेला असा कण चालताना सतत घासत राहतो, आणि संरक्षणासाठी चढवलेले कव्हरच पाठीवर वर्तुळाकार ओरखडे उठवते. वर्षभर कव्हर न काढणाऱ्या माणसाने फोन विकायला काढला, की ही रांगोळी प्रथमच त्याच्या दृष्टीस पडते.

पदार्थांच्या तुलनेत मतभेद अधिक बारीक होते, आणि तो भाग सविस्तर मांडण्याजोगा आहे. सगळ्यात जास्त खपणारे पारदर्शक, मऊ कव्हर गल्लीत ‘सिलिकॉन’ म्हणून विकले जाते, परंतु ते बहुधा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचे, म्हणजे टीपीयूचे असते. थर्मोप्लास्टिक म्हणजे तापवले की वितळून पुन्हा साच्यात ओतता येणारे प्लॅस्टिक. टीपीयू रबरासारखे ताणले जाते, सहज फाटत नाही आणि तेलाला बऱ्यापैकी दाद देत नाही. खरे सिलिकॉन हे वेगळे रबर असून त्याची साखळी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची असते. ते उन्हाला आणि उष्णतेला टीपीयूपेक्षा चांगले तोंड देते, हाताला मखमली लागते, पण कोपऱ्यावर एकदा चीर गेली की ती लगेच पुढे फाटत जाते, आणि त्याच्या पृष्ठभागावर खिशातला कापूस व धूळ चिकटून राहते. तिसरा पदार्थ पॉलीकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तो तयार केला. तो पारदर्शक, कडक आणि आघाताला चिवट आहे, मात्र त्यावर ओरखडे पटकन उठतात आणि काही तेले व द्रावक यांचा सतत स्पर्श झाला, तर ताणाखाली असलेल्या जागी, म्हणजे बटणांच्या खाचांपाशी आणि कोपऱ्यांवर, त्यात केसासारख्या चिरा पडू शकतात. ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या केव्हलारच्या कुळातले ॲरामिड तंतू वापरून केलेली कव्हरे अतिशय पातळ, हलकी आणि झिजायला कठीण असतात. परंतु ती स्वतः टिकतात म्हणून फोनही टिकवतात असे समजणे चूक आहे, कारण दबण्यासाठी त्यांच्याकडे जाडीच नसते.

कारागीर : “पारदर्शक कव्हर पिवळे पडले की गिऱ्हाईक ते टाकून देते. पिवळे पडलेले कव्हर निकामी होते का, हे एकदा अभ्यासकाकडूनच ऐकायला हवे.”

प्राध्यापिका : “पिवळेपणा हा रंगाचा दोष आहे, बळाचा नव्हे, निदान सुरुवातीला नव्हे. स्वस्त टीपीयू ज्या रसायनांपासून बनते, त्यांच्या रेणूंत ॲरोमॅटिक कडी असतात, म्हणजे कार्बनच्या सहा अणूंची विशिष्ट वलये. उन्हातील अतिनील किरणांनी त्या कड्यांची रचना बदलून पिवळट रंग देणारे घटक तयार होतात, आणि उष्णता व हाताचा घाम त्यात भर घालतात. ही वलये नसलेल्या, ॲलिफॅटिक म्हणवल्या जाणाऱ्या रसायनांचे टीपीयू सहसा पिवळे पडत नाही, पण ते महाग असते. पिवळ्या कव्हरचा कोपरा पूर्वीइतकाच दबत असेल, तर ते फेकण्याचे कारण नाही.”

कारागीर : “पण गिऱ्हाईक रंगाकडे पाहून फेकते आणि सैलपणाकडे पाहून ठेवते, हाच घोटाळा आहे. कव्हर पिवळे पडेपर्यंत ते बाजूंनी सैलही झालेले असते. फोन वर्षभरात शेकडो वेळा आतबाहेर काढलेला असतो, मागे नोटा आणि मेट्रोचे कार्ड कोंबलेले असते. सैल कव्हरमधून फोन पडण्याच्या धक्क्यानेच बाहेर सुटतो, मग दुसरी उडी उघड्या फोनाची. काळे कव्हर असेल तर रंग दिसत नाही आणि ते तीन-तीन वर्षे चालते, केवळ चालते म्हणून.”

दीर्घकाळ ताणाखाली राहिलेले प्लॅस्टिक हळूहळू कायमचे लांबते. या प्रक्रियेला विसर्पण म्हणतात आणि टीपीयूच्या कडा सैल होण्याचे ते एक मुख्य कारण आहे. या ठिकाणी प्राध्यापिकेचे शास्त्र आणि कारागिराचा अनुभव एकाच निष्कर्षाला येतात: कव्हर ही दुचाकीच्या ब्रेक लायनरसारखी झिजण्यासाठीच बसवलेली वस्तू आहे, आणि तिचा टिकाऊपणा हा स्वतंत्र गुण म्हणून मोजणे ही तुलनेतली मूळ चूक आहे. न झिजणारे, न दबणारे, वर्षानुवर्षे नवे दिसणारे कव्हर बहुधा धक्का आत पाठवणारे कव्हर असते. चामड्याचे कव्हर याला थोडा अपवाद म्हणावे लागेल, कारण ते वापराने मुरते. परंतु कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांप्रमाणे त्यावरही बुरशी धरते, आणि दमट हवेत रोजच्या वापराला ते योग्य नाही. चामड्याला पर्याय देणेही सोपे नाही: ॲपलने २०२३ मध्ये चामड्याची कव्हरे बंद करून फाइनवोव्हन या विणलेल्या कापडाची कव्हरे आणली, त्यांच्यावर डाग आणि ओरखडे पडत असल्याची टीका झाली, आणि पुढच्या वर्षीच्या आयफोन १६ साठी ती आलीच नाहीत.

रोजच्या सोयीचा प्रश्न आला तेव्हा कारागिराची बाजू अधिक सरस ठरली.

कारागीर : “तोंडाने सगळे म्हणतात की सोय दुय्यम आणि सुरक्षा मुख्य. पण माणूस गैरसोयीचे कव्हर काढून ठेवतो, आणि ड्रॉवरमधले कव्हर फोन वाचवत नाही. जाड कव्हरची कड उंच असली की पडद्याच्या कडेवरून बोट आत सरकवून मागे जाण्याची जी खूण करायची असते ती नीट होत नाही, बोट कडेला अडते. चार्जिंगच्या तोंडाशी भोक अरुंद असले की दुसऱ्या कंपनीची जाड पिन बसत नाही. आवाजाचे बटण इतके कडक होते की अंगठ्याचा जोर लावताना फोन हातातून सटकतो. घोटाळ्यांतला शेवटचा तर पाकिटासारखे उघडणारे फ्लिप कव्हर: भाजीवाल्याकडे क्यूआर कोड स्कॅन करायचा, तर झाकण उघडा, मागे दुमडा, आणि मागे दुमडले की पुष्कळ कव्हरांत ते झाकण कॅमेऱ्यावरच येते; एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फडफडणारे झाकण. यूपीआय आल्यापासून फोन दिवसातून कितीदा बाहेर निघतो याचा विचार करून कव्हर निवडायला हवे.”

प्राध्यापिका : “सोयीला महत्त्व द्यायचे म्हणून संरक्षणाचा बळी द्यायचा का? पातळ, सुबक कव्हर हातात छान बसते, पण एकदा पडले की संपले.”

कारागीर : “पडलेच नाही तर? धक्का सोसणे हे कव्हरचे दुसरे काम झाले, मॅडम. पहिले काम हातातून सुटू न देणे. कागदाइतके पातळ, गुळगुळीत कव्हर हे करत नाही, ते मान्य. पण बोटभर जाड चिलखतही करत नाही, कारण आधीच रुंद असलेला फोन त्यात बोटांच्या पकडीबाहेर जातो. पावसात, घामेजल्या हातात, लोकलच्या दारात, जे कव्हर तळव्याला धरून राहते ते खरे.”

या युक्तिवादाला प्राध्यापिकेकडे उत्तर नव्हते, कारण तो तिच्याच शास्त्रातून आलेला होता. गुळगुळीत काच आणि कोरडी कातडी यांमधले घर्षण कमी असते. काचेच्या पाठीचा उघडा फोन किंचित उतरत्या टेबलावरूनही हळूहळू घसरत जाऊन खाली पडल्याचे अनेकांनी पाहिलेले असते. टीपीयू आणि सिलिकॉन यांचा पृष्ठभाग मऊ असल्याने तो तळव्याच्या उंचसखल भागाशी जुळवून घेतो आणि घर्षण वाढते. हेच कारण अशा कव्हरला जीन्सच्या खिशात जाताना अडवते, आणि तेवढी गैरसोय पत्करण्याजोगी आहे. न पडलेल्या फोनला थांबण्याचे अंतर लागत नाही, ही साधी गोष्ट मंदनाच्या समीकरणात कुठेच येत नाही.

उष्णतेच्या प्रश्नावर मात्र कारागिराने थोडी अतिशयोक्ती केली. फुगलेल्या बॅटरीचे फोन दाखवून त्याने दोष जाड कव्हरवर टाकला. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते हे निर्विवाद आहे, आणि प्लॅस्टिक उष्णता फार हळू वाहून नेते हेही खरे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची उष्णतावाहकता, म्हणजे उष्णता आरपार जाऊ देण्याची क्षमता, कव्हरच्या प्लॅस्टिकपेक्षा शेकडो पटींनी जास्त असते. परंतु केवळ कव्हरमुळे बॅटरी फुगते असे म्हणता येत नाही. तिचे वय, वेगवान चार्जिंग, चार्जरचा दर्जा आणि भोवतालचे तापमान यांचा वाटा मोठा असतो. कव्हर त्यात भर घालते, एवढेच बोलावे. ॲपल आयफोनसाठी भोवतालचे तापमान शून्य ते पस्तीस अंश सेल्सिअस असावे असे सांगते आणि चार्जिंग करताना फोन तापत असेल तर कव्हर काढावे असा सल्ला देते. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा ही मर्यादा सावलीतच ओलांडलेली असते. दुचाकीच्या हँडलवर, भर उन्हात, नकाशा चालू ठेवून चार्जिंग करत नेलेल्या फोनाला जाड काळे कव्हर असणे हा वाईटात वाईट जोड होय. जाड कव्हरचा आणखी एक तोटा कारागिराने अचूक सांगितला: बॅटरी फुगून पाठ उचलली जाऊ लागली, तरी भक्कम कव्हर ती धरून ठेवते आणि मालकाला धोका उशिरा कळतो.

हँडलवरच्या फोनांची गोष्ट निघाली म्हणून इथे नोंदवलेले बरे की २०२१ मध्ये ॲपलनेच मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींच्या कंपामुळे कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला इजा होऊ शकते असे जाहीर केले होते. त्यावर कोणतेही कव्हर उपाय नाही. कंप शोषणारा वेगळा माउंट लागतो.

तुलनेचा निकाल द्यायचा तर प्राध्यापिकेचे एक म्हणणे आणि कारागिराची दोन धरावी लागतात. कोपऱ्याने दबून अंतर मिळवून दिलेच पाहिजे. हातात पकड बसलीच पाहिजे. आणि काढून ठेवण्याची इच्छा होईल इतके कव्हर जड असू नये. या तिन्हींत बसणारे कव्हर दिसायला फारसे आकर्षक नसते: पॉलीकार्बोनेटची कडक पाठ, तिच्याभोवती टीपीयूची मऊ चौकट, पोकळ किंवा उंचवट्याचे चार कोपरे, पडदा आणि कॅमेरा यांच्यापेक्षा किंचित वर येणारी कड, आणि एकूण जाडी दीड ते दोन मिलिमीटर. अशा मिश्र रचनेला दुकानदार ‘हायब्रिड’ म्हणतात. वायरलेस चार्जिंगलाही एवढी जाडी सहसा अडथळा आणत नाही. अडवतो तो धातूचा पत्रा किंवा मागे ठेवलेले कार्ड. जड ‘आर्मर’ कव्हर बांधकामावर, शेतात किंवा दिवसभर दुचाकीवर सामान पोहोचवणाऱ्याला शोभते, कारण तिथे फोन पडणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. कार्यालयात बसणाऱ्याने ते घेणे म्हणजे खांद्यावर उगाच ओझे वाहणे होय. उलट केव्हलारसारखे पातळ कव्हर ओरखड्यांपासून बचाव करते आणि त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

दुकानात उभ्या असलेल्या वाचकाला खोक्यावरच्या शिक्क्यापेक्षा काउंटर अधिक सांगतो. कव्हर घालून फोन सपाट काउंटरवर पालथा ठेवावा आणि काच टेकते का ते कडेने पाहावे. कोपरा अंगठ्याने दाबावा. पडद्याच्या कडेवरून बोट आत ओढून पाहावे. रोजची चार्जरची पिन सोबत नेऊन लावून बघावी. शेवटी तो फोन एका हाताने, अंगठा पडद्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत नेऊन, धरून पाहावा. घरी आल्यावर महिन्यातून एकदा कव्हर काढून आतली धूळ पुसावी, मागे कोंबलेल्या नोटा काढाव्यात, आणि कव्हर ज्या दिवशी कोपऱ्यावर सैल लागेल त्या दिवशी, त्याचा रंग कसाही असो, ते बदलावे.